साठ लाखांचं काम, अठ्ठ्याहत्तर लाखांचं कोटेशन

सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीची कोटेशनं उघडली की कमिटीतल्या सगळ्यांची नजर दोनच ठिकाणी जाते. एक, प्लास्टरचा चौरस फुटाचा दर. दुसरं, शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलेलं ‘ओव्हरहेड व प्रॉफिट, १५ टक्के’. पहिल्या दरावर थोडी घासाघीस होते, कारण प्लास्टर दिसतं, हाताला लागतं. दुसऱ्या ओळीवर मात्र सरळ हल्ला होतो. “हे पंधरा टक्के कसले? सामानाचे पैसे वेगळे, मजुरीचे वेगळे, मग हे काय?” बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार काका त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढतात. ठेकेदारही बिलंदर असतो, लगेच म्हणतो, “दहा करतो साहेब, तुमच्यासाठी.” सगळे खूश होऊन चहा घेतात. पाच टक्के म्हणजे तीन-चार लाख रुपये इकडचे तिकडे झाले, पण ते कशाचे होते हे देणाऱ्यानेही सांगितलं नाही आणि घेणाऱ्यानेही विचारलं नाही.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या जुन्या इमारतींत ही ओळ फार महत्त्वाची आहे, आणि तिच्यावर बोलणं सगळ्यात कमी होतं.

बांधकामाच्या अंदाजपत्रकात खर्चाचे चार थर असतात. तळाशी थेट खर्च: सिमेंट, रेती, लोखंड, रसायनं, गवंडी, बिगारी, परांची, टेकू. एखाद्या कामाकडे बोट दाखवून ‘हे यासाठी’ असं म्हणता येतं तो सगळा पैसा यात येतो. त्याच्यावर साईटचा ओव्हरहेड. वॉचमन कुठल्या खांबासाठी ठेवला, असं विचारता येत नाही, तो सगळ्या साईटसाठीच असतो. सुपरवायझर, सामान ठेवायला घेतलेला गाळा, पाण्याचा टँकर, तात्पुरतं वीज कनेक्शन, विमा, मजुरांची ने-आण, चहा हे सगळं याच थरात मोडतं. (चहावर हसू नका. लालबागच्या साईटवर वीस माणसांना दिवसातून दोनदा चहा पाजणं हा महिन्याकाठी खराखुरा खर्च असतो.) तिसरा थर ठेकेदाराच्या ऑफिसचा: तिथलं भाडं, अकाउंटंट, अंदाजपत्रक काढणारा इंजिनिअर, गाडी, बँकेचं व्याज, आणि दहा टेंडरं भरून एकच मिळालं तर उरलेल्या नवांचा खर्च. हा कुठल्याच एका कामाचा नसतो, म्हणून वर्षभराच्या सगळ्या कामांवर वाटून टाकावा लागतो. सगळ्यात वर नफा.

आता एक उदाहरण मांडू. आकडे कल्पित आहेत, हिशेब खरा. परळमधली तीन मजली चाळ आहे. काम सहा महिन्यांचं, थेट खर्च ६० लाख. साईटवर दरमहा सुपरवायझर ३५ हजार, दोन पाळ्यांचे वॉचमन ३० हजार, गाळ्याचं भाडं २० हजार, पाणी-वीज १५ हजार, किरकोळ १० हजार, असे मिळून १ लाख १० हजार. सहा महिन्यांचे ६ लाख ६० हजार झाले. विम्याचे ६० हजार धरले की साईटचा ओव्हरहेड ७ लाख २० हजार, म्हणजे थेट खर्चाच्या १२ टक्के. ठेकेदाराच्या ऑफिसचा वर्षाचा खर्च १८ लाख आणि वर्षभरातल्या कामांचा थेट खर्च ३ कोटी असेल, तर ऑफिसचा वाटा ६ टक्के, इथे ३ लाख ६० हजार. बेरीज ७० लाख ८० हजार. त्यावर १० टक्के नफा म्हणजे ७ लाख ८ हजार. कोटेशन झालं ७७ लाख ८८ हजारांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो ओव्हरहेडवरही लागतो, नफ्यावरही. सोसायटीच्या खिशातून जाणार ९१ लाख ८९ हजार ८४० रुपये.

साठ लाखांचं काम ब्याण्णव लाखांना कसं झालं, असं कोणीतरी विचारणारच. पण कागद नीट पाहिला तर त्यात ठेकेदाराचा म्हणावा असा पैसा फक्त सात लाख आठ हजार आहे. आणि त्यातलाही निम्म्याहून जास्त लगेच हातात येत नाही. पाच टक्के रिटेन्शन सोसायटी दोषदायित्वाच्या मुदतीसाठी, साधारण वर्षभर, अडकवून ठेवते. ७७ लाख ८८ हजारांचे पाच टक्के म्हणजे ३ लाख ८९ हजार ४००.

आता यातच नेहमीचे १५ टक्के लावून पाहा. ६० लाखांवर १५ टक्के म्हणजे ९ लाख. नुसता ओव्हरहेडच १० लाख ८० हजार आहे. म्हणजे १५ टक्क्यांत सही करणारा ठेकेदार नफा सोडाच, पहिल्याच दिवशी एक लाख ऐंशी हजारांनी खड्ड्यात. तरीही तो सही करतो. का करतो, ते पुढे येईलच.

हे १५ टक्के आले कुठून? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-पृथक्करणात साहित्य आणि मजुरीच्या बेरजेवर आधी पाण्यासाठी एक टक्का आणि मग ठेकेदाराचा नफा व ओव्हरहेड मिळून १५ टक्के धरतात. ढोबळमानाने निम्मे नफ्याचे, निम्मे ओव्हरहेडचे. रस्ते मंत्रालयाची पद्धत जरा वेगळी आहे. तिथे ओव्हरहेड आधी लावतात आणि नफ्याचे १० टक्के ओव्हरहेडसकटच्या बेरजेवर काढतात. शिवाय रस्त्यासाठी ओव्हरहेडचा टक्का कमी आणि पुलासाठी बराच जास्त असतो. कामाचा प्रकार बदलला की ओव्हरहेड बदलतो हे सरकारी कागदानेच मान्य केलेलं आहे. आपल्याकडे मात्र नव्या टॉवरच्या कामातून उचललेला १५ चा आकडा गिरगावच्या शंभर वर्षांच्या चाळीलाही तसाच चिकटवतात.

सरकारी आकडा चुकीचा नाही. तो मोठ्या, सलग, मोकळ्या जागेवरच्या कामासाठी बेतलेला आहे. आपल्याच भागातलं उदाहरण बीडीडी चाळींचं. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, नकाशा जवळपास एकच. ओव्हरहेडच्या नजरेतून पाहिलं तर असं काम म्हणजे ठेकेदाराची चंगळ. एकच साईट ऑफिस, एकच गोदाम, तीच फळ्यांची चौकट या इमारतीवरून त्या इमारतीवर; दहाव्या इमारतीपर्यंत मुकादमाला नकाशा उघडावा लागत नाही. स्थिर खर्च इतक्या खोल्यांवर पसरला की खोलीमागे चिमूटभर उरतो. त्याच चाळींच्या आजच्या पुनर्विकासात नायगावला लार्सन अँड टुब्रो, वरळीला टाटा प्रोजेक्ट्स अशा बड्या कंपन्या उतरल्या, त्यालाही हेच गणित लागू आहे. एवढ्या मोठ्या कामात ऑफिसचा खर्च टक्क्यात कमी बसतो.

याच्या उलट टोकाला मुगभाटातली किंवा फणसवाडीतली एकुलती एक इमारत. दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना दिवसा मज्जाव. म्हणून रेतीचा ट्रक रात्री उशिरा जगन्नाथ शंकरशेट रस्त्याच्या कडेला लागतो. वाडीत तो शिरत नाही. रेती तिथेच फावड्याने गोण्यांत भरायची, हातगाडीवर किंवा डोक्यावरून आत न्यायची, जिना आणि विहिरीची कडा सोडून जिथे जागा सापडेल तिथे रचायची, आणि सकाळी दूधवाला यायच्या आत रस्ता झाडून काढायचा. एखादी गोणी फाटली तर पहिल्या मजल्यावरच्या आजी सकाळी सुपरवायझरची वाट पाहत गॅलरीतच उभ्या. तीच रेती पनवेलच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रकने मागचं फाळकं उघडून पाच मिनिटांत ओतली असती. रेतीचा भाव तोच, पण गिरगावात तिला घरात घ्यायचा खर्च वेगळा.

डेब्रिजची गोष्ट आणखी अवघड. तोडलेलं प्लास्टर, कोबा, कुजलेल्या तुळया तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकता येत नाहीत, कारण खाली माणसं राहतात, मुलं खेळतात. गोण्या पाठीवरून जिन्याने उतरवायच्या, आणि जिना म्हणजे तोच लाकडी, अरुंद, रहिवाशांच्या वापरातला. ट्रक भरेल इतका राडारोडा जमेपर्यंत तो ठेवायचा कुठे? फुटपाथवर ठेवला तर पालिकेचा दंड. बांधकाम कचऱ्यासाठी २०१६ पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत, कुठेतरी खाडीकडेला नेऊन ओतण्याचे दिवस निदान कागदावर तरी संपले.

आणि हे सगळं माणसं घरात राहत असताना चालतं. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, कारण आजोबा झोपलेत. संडासाची लाईन बदलायची तर एका वेळी एकच, म्हणजे मजल्यावरचे बाकीचे चालू राहतील. एखाद्या खोलीला कुलूप, मालक बदलापूरला, चावी आतेभावाकडे. त्या खोलीतली तुळई होईपर्यंत दोन्ही बाजूंचं काम अडलेलं. गवंड्याची मजुरी कोटेशनमध्ये दिवसाला किती चौरस फूट याप्रमाणे धरलेली असते. तो जेव्हा नुसता बसून असतो, तो खर्च कुठल्याही कामाच्या ओळीत सापडत नाही.

टक्केवारी ही सोय आहे, पण ती एक गोष्ट लपवते. साईटचा ओव्हरहेड कामाच्या रकमेबरोबर वाढत नाही, कॅलेंडरबरोबर वाढतो. वॉचमनला प्लास्टर किती झालं याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला महिना भरला की पगार हवा.

वरच्या परळच्या चाळीकडे परत येऊ. काम फेब्रुवारीत सुरू केलं. मे संपेपर्यंत चार महिने झाले. जूनमध्ये पाऊस आला, बाहेरचं प्लास्टर थांबलं, ते सप्टेंबरअखेर थांबलंच. उरलेले दोन महिने ऑक्टोबर-नोव्हेंबरात. सहा महिन्यांच्या कामाला दहा महिने लागले. साईटचे दरमहा १ लाख १० हजार आणि ऑफिसच्या वाट्याचे ६० हजार, म्हणजे १ लाख ७० हजार गुणिले चार: ६ लाख ८० हजार. नफा होता ७ लाख ८ हजार. शिल्लक २८ हजार. पावसाळ्यात सुपरवायझरला दुसऱ्या साईटवर हलवता येतं, टँकर बंद करता येतो, म्हणून सगळाच फटका बसत नाही हे खरं. पण परांची भाड्याची असेल तर तिचं मीटर चालूच राहतं, आणि तो खर्च मी वरच्या आकड्यात धरलेलासुद्धा नाही. हीच दुरुस्ती ऑक्टोबरात काढली असती तर हेच काम, हीच माणसं, हाच दर, आणि ठेकेदार सात लाख घेऊन घरी गेला असता.

काम लांबलं तर ओव्हरहेडची भरपाई किती, हा भांडणाचा विषय जगभर आहे, आणि त्यासाठी सूत्रंही आहेत. ‘हडसन’ या जुन्या इंग्रजी कायदेग्रंथाच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र सोपं आहे: करारातला ऑफिस ओव्हरहेड आणि नफ्याचा टक्का घ्या, त्याला कराराच्या रकमेने गुणा, ठरलेल्या मुदतीने भागा, आणि उशिराच्या महिन्यांनी गुणा. आपल्या उदाहरणात ऑफिसचे ३ लाख ६० हजार अधिक नफ्याचे ७ लाख ८ हजार, भागिले सहा, म्हणजे उशिराच्या दर महिन्याला १ लाख ७८ हजार. इंग्लंडचंच एम्डेन आणि १९६० च्या एका अमेरिकन निवाड्यातलं आयक्ली ही याचीच भावंडं. २००६ मध्ये मॅक्डरमॉट विरुद्ध बर्न स्टँडर्ड या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या तिन्ही सूत्रांची दखल घेतली.

न्यायालयांचा नफ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन कमिटीपेक्षा उदार आहे. गुजरात सरकारने एका रस्त्याचं कंत्राट मध्येच रद्द केलं, तेव्हा १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. टी. ब्रिजपाल सिंग या ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला आणि उरलेल्या कामाच्या किमतीवर १५ टक्के अपेक्षित नफा धरला. काम घेणारा माणूस नफ्याच्या अपेक्षेनेच ते घेतो, हे त्यात गृहीत होतं. १९९९ च्या द्वारकादास खटल्यात, मध्य प्रदेशातल्या कामासाठी, हा आकडा १० टक्के होता. पण नुसतं सूत्र मांडून पैसे मागणाऱ्यांना २०२३ मध्ये चाप बसला. युनिब्रॉस विरुद्ध आकाशवाणी या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की सूत्र पुरेसं नाही, काम लांबल्यामुळे दुसरी कामं खरोखर हातची गेली याचा पुरावा दाखवा. माझ्या मते हे योग्यच झालं. सूत्राने आकडा निघतो, पण नुकसान झालंच होतं हे त्याने सिद्ध होत नाही.

इथे एक छोटी गफलत सांगून टाकतो, कारण तिच्यात ठेकेदार आणि ग्राहक दोघेही फसतात. ७० लाख ८० हजारांवर १० टक्के नफा लावला, पण तो कोटेशनच्या रकमेत ९.०९ टक्केच भरतो. एखाद्याला खरोखर विक्रीच्या २० टक्के नफा हवा असेल तर खर्चावर २० नाही, २५ टक्के चढवावे लागतात. खर्चावरचा टक्का आणि किमतीतला टक्का एकच समजणारे ठेकेदार वर्षअखेरीला ताळेबंद पाहून ‘पैसे गेले कुठे’ म्हणून डोकं खाजवत बसतात.

आता ते तोट्यात सही करणारे. राज्याच्या बांधकाम विभागाचं बी-१ टेंडर असतं, त्यात प्रत्येक कामाचा दर सरकारने आधीच लिहिलेला असतो. ठेकेदाराने फक्त एकूण रकमेवर इतके टक्के ‘अबव्ह’ की ‘बिलो’ ते सांगायचं. पालिकेच्या कामांतही बिलोची शर्यत सगळ्यांना ठाऊक आहे. अंदाजपत्रकातच नफा आणि ओव्हरहेड १५ टक्के असेल आणि कोणी ३० टक्के बिलो भरत असेल, तर त्याने नफा सोडला, ओव्हरहेड सोडला, आणि थेट खर्चातलेही बरेच पैसे सोडले. सिमेंट तर त्याला कोणी स्वस्त देत नाही. एकतर मूळ दर फुगवलेले होते, नाहीतर काम कमी होणार. म्हणूनच फार खाली आलेल्या निविदांसाठी सरकार जादा सुरक्षा ठेव मागतं.

खासगी सोसायटीत बिलो नसतं, तिथे खजिनदार काकांची पेन्सिल असते. कापलेले पाच टक्के परत येतात, पण दुसऱ्या दाराने. प्लास्टरखाली गंजलेली सळई निघाली की ‘एक्स्ट्रा आयटम’, आणि त्याचा दर ठेकेदार ठरवणार, कारण परांची त्याची आणि इमारत अर्धी उघडी. पॉलिमर मॉर्टरच्या दोन थरांऐवजी दीड थर. मोजमाप घेताना खिडकीचं माप वजा करायचं राहून जातं. ठेकेदार दरोडेखोर असतो म्हणून हे होत नाही. त्याचा वॉचमन, गाळा आणि व्याज खरं आहे, ते कुठून तरी निघालंच पाहिजे म्हणून होतं.

उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींत हा पेच आणखी घट्ट बसतो. १९६९ च्या कायद्याने स्थापन झालेलं आणि आता म्हाडाखाली असलेलं दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ सुरुवातीला १९,६४२ इमारतींचं पालक होतं, बहुतेक याच पट्ट्यातल्या. मंडळाच्या दुरुस्तीला चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा असते. वरचा खर्च रहिवाशांनी सोसायचा. मर्यादा एकूण खर्चावर असल्यामुळे अरुंद गल्लीतून राडारोडा काढायला गेलेला प्रत्येक रुपया तुळई बदलण्यातून वजा होतो. भाडं पन्नास-शंभर रुपये आणि दुरुस्ती लाखांत, अशा इमारतीत रहिवाशांनी जादा पैसे काढावेत ही अपेक्षा करणं सोपं आहे.

मग कमिटीने करायचं काय? एक तर ओव्हरहेड टक्क्यात मागूच नये. साईटचे स्थिर खर्च वेगळ्या तक्त्यात, महिन्याच्या दराने लिहून मागावेत: वॉचमन किती, गाळा कितीचा, परांचीचं भाडं दरमहा किती, डेब्रिजच्या गाड्या किती. मग तीन कोटेशनं शेजारी ठेवली की कोणी वॉचमन विसरलाय आणि कोणी गाळ्याऐवजी तुमचा जिना धरलाय ते लगेच दिसतं. सोसायटीने तळमजल्याची एक बंद खोली सामानाला दिली तर उदाहरणातले महिना २० हजार, म्हणजे सहा महिन्यांचे १ लाख २० हजार, तिथल्या तिथे वाचतात. त्यावरचा नफा आणि जीएसटी वेगळाच. घासाघीस करायची जागा ही आहे. बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर कोण भरणार तेही आधीच लिहून घ्यावं, नंतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. ऑफिसचा वाटा आणि नफा मिळून एक टक्का ठरवावा आणि एक्स्ट्रा आयटमलाही तोच लागेल अशी ओळ करारात घालावी. ठेकेदाराचा दुसरा दरवाजा त्या ओळीने बऱ्यापैकी बंद होतो.

आणि मुदत लिहिताना नुसते ‘सहा महिने’ न लिहिता काम कुठल्या तारखेला सुरू, पावसाळ्याचे कोणते महिने वगळले, आणि त्या काळात परांची ठेवायची की उतरवायची ते लिहावं. लालबाग-परळमध्ये आणखी एक कलम लागतं. गणपतीचे दहा दिवस आणि त्याआधी मंडप उभा राहतो तेव्हापासून गल्लीत ट्रक येत नाही, हातगाडीही गर्दीतून जात नाही, आणि निम्मे मजूर गावी गेलेले असतात. हे दिवस मुदतीत धरायचे की वगळायचे, आणि त्या दिवसांचा वॉचमन कोणाच्या खर्चाने, हे सहीच्या आधी ठरवून घ्यावं.